गॅस गीझरचं पाणी मध्येच गार होतंय? आधी टाकीपासून सुरुवात करा

गावच्या घरात नवा गॅस गीझर बसवला की थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. पाणी गरम येतं, मग एकदम कढत होतं, अंगाला साबण लावून झाला की गार. नळ बंद करून पुन्हा सोडला तर परत गरम. मेकॅनिक तालुक्याहून येणार, तो येईल त्या दिवशी गीझर नेमका नीट चालणार आणि तो गेल्यावर पुन्हा तेच. मग गीझरच खराब लागला असं ठरवून लोक न्हाणीतल्या चुलीवर हंडा ठेवायला लागतात.

कोकणात यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ गीझरच्या पोटात नसतं. ते टाकीपासून नळापर्यंतच्या पाण्याच्या वाटेवर असतं आणि ती वाट घरातलं कोणीही तपासू शकतं. गावी नुकतं घर बांधलेले, गणपती-शिमग्याला येऊन बंद घर उघडणारे आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढून न्याहारी-निवास सुरू केलेले, अशांसाठी ही तपासणी मी क्रमाने लिहितो आहे. क्रम सोडू नका. सोपं आणि फुकटचं आधी, पाना हातात घ्यायचं नंतर.

सगळ्यात आधी जिवाचं

गीझर कुठे टांगला आहे ते बघा. बंद न्हाणीघराच्या आत असेल तर पुढचं काही न वाचता तो वापरणं थांबवा आणि बाहेर हलवून घ्या. गॅस जळताना खोलीतला प्राणवायू संपतो आणि अर्धवट जळालेल्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, चक्कर, मळमळ एवढीच सूचना मिळते, आणि कधी माणूस तेवढ्याआधीच बेशुद्ध पडतो. पावसाळ्यात झड आत येते म्हणून न्हाणीची खिडकी पुठ्ठा लावून बंद करतात, तेव्हा धोका सगळ्यात जास्त असतो. गीझर मागच्या पडवीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, वरून छप्पर आणि बाजूने मोकळी हवा अशा जागी हवा.

ज्योत निळी हवी. पिवळी, लांबुळकी, काजळी धरणारी ज्योत दिसली तर पाणी कितीही छान तापत असलं तरी गीझर बंद करून मेकॅनिकला बोलवा. गॅसचा वास आला तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठून राहतो. वास गेला म्हणून लगेच काडी ओढू नये.

गीझर पेटतो कसा

एवढं समजलं की निम्मं काम होतं. या गीझरमध्ये पाणी साठत नाही. नळ सोडला की थंड पाणी खालच्या झडपेतून आत शिरतं. त्या झडपेत रबराचा पातळ पडदा असतो, मेकॅनिक त्याला डायफ्राम म्हणतात. पाणी पुरेशा वेगाने वाहू लागलं की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा सरकतो आणि त्याला लागलेली पिन एक छोटा स्विच दाबते. मग दोन सेलांवर चालणारं सर्किट टकटक ठिणगी पाडतं, गॅसची झडप उघडतं आणि बर्नर पेटतो. ज्योत लागली की नाही हे एक बारीक सळई ओळखते. तिला ज्योत कळली नाही तर काही सेकंदांत गॅस बंद होतो. पाणी वरच्या तांब्याच्या नळ्यांतून फिरता फिरता तापतं आणि बाहेर पडतं.

म्हणजे पाण्याचा वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की पिन मागे येते आणि ज्योत विझते. हा बिघाड नव्हे, ही सुरक्षेची सोय आहे. नळीत पाणी नसताना ज्योत चालू राहिली तर नळ्या जळतील. त्यामुळे पाणी मध्येच गार झालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: पाण्याचा वेग कुठे आणि कशाने कमी झाला?

बादली आणि घड्याळ

गीझरचा गॅस बंद ठेवा. न्हाणीतला गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. मग त्याच न्हाणीतल्या थंड नळाखाली तीच बादली भरा.

दोन मिनिटांच्या आत भरली तर मिनिटाला पाच लिटरच्या वर पाणी येतं आहे, काळजी नाही. चार मिनिटं लागली तर वेग अडीच लिटरवर आला. घरगुती गीझर पेटायला साधारण अडीच-तीन लिटरच्या आसपास वेग लागतो, म्हणजे तुमचा गीझर अगदी काठावर चालला आहे. स्वयंपाकघरात कोणी नळ सोडला, टाकी थोडी उतरली, की विझणार. नेमका आकडा तुमच्या गीझरच्या पुस्तिकेत असतो.

दोन्ही बादल्या सावकाश भरल्या तर दोष टाकीत किंवा मुख्य पाइपात. थंड नळाची झटकन भरली आणि गरम नळाची रखडली तर अडथळा गीझरच्या वाटेवर. या एका चाचणीने पुढची निम्मी तपासणी वाचते.

टाकी, उंची आणि पाइप

टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा एक मीटर वर असेल तर ०.१ बार दाब मिळतो, दहा मीटरला एक बार. आपली घरं बैठी आणि कौलारू. टाकी बहुतेक मागच्या न्हाणीच्या स्लॅबवर नाहीतर चिऱ्याच्या चार खांबांवर. अशा टाकीचं पाणी नळापेक्षा जेमतेम दीड-दोन मीटर वर असतं आणि डोक्यावरचा शॉवर त्यातला आणखी हिस्सा खातो. म्हणून कमी उंचीच्या टाकीला बादलीचा नळ चालतो पण शॉवर सोडला की गीझर विझतो. गीझर विकत घेतानाच त्याला किमान किती दाब लागतो ते विचारा. कमी दाबावर चालणारे गीझर मिळतात, बैठ्या घराला तेच घ्यावेत.

टाकी उचलणं जमत नसेल तर पाइप बदलून बराच फरक पडतो. टाकीपासून गीझरपर्यंत अर्ध्या इंचाचा पाइप पाच-सहा कोपरे घेत आणला असेल तर वाटेतच दाब मरतो. टाकीपासून एक इंच, गीझरपर्यंत पाऊण इंच आणि कोपरे कमीत कमी, अशी लाइन करून घ्या. पाइप कुठे खिडकीवरून चढून पुन्हा उतरवला असेल तर त्या उंचवट्यावर हवा अडकते आणि पाणी फुरफुरत येतं. तो उंचवटा काढा, किंवा तिथे हवा जायला उभी नळी टाकीच्या वरपर्यंत न्या.

प्रेशर पंप बसवायचा असेल तर जाणकाराकडूनच. चुकीचा पंप सारखा चालू-बंद होतो आणि त्याच्या तालावर पाणी गरम-गार होत राहतं.

जाळी

माझ्या मते कोकणातल्या गीझरची सगळ्यात दुर्लक्षित जागा ही. गीझरच्या खाली थंड पाण्याचा पाइप जिथे जोडतात, त्या तोंडात एक बारीक जाळी असते. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी दिसायला नितळ असतं, पण पहिल्या पावसानंतर त्यात तांबडी माती उतरते आणि टाकीच्या तळाशी बसते. पंप लावून टाकी भरली की ती ढवळून निघते आणि पाइपात जाते. आषाढात काढलेली जाळी बघा: तिच्यावर गेरूसारखा मऊ थर बसलेला असतो, मध्ये शेवाळाचा एखादा धागा आणि पाइप कापताना राहिलेला पांढरा प्लास्टिकचा कीस. नवीन घरात हा कीसच जास्त सापडतो. बोट फिरवलं की थर सरकतो आणि खालची जाळी दिसते. एवढ्याशा चिखलाने गीझर विझत असतो.

काढायची पद्धत अशी. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, थंड पाण्याचा कॉक बंद. खाली बादली ठेवून गरम नळ सोडा म्हणजे नळीतलं पाणी उतरेल. पान्याने थंड बाजूचा नट सैल करा, नळी बाजूला घ्या, जाळी चिमट्याने ओढा. जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवा. समुद्राकाठच्या वाळूतल्या विहिरीचं, उन्हाळ्यात मचूळ होणारं पाणी असेल तर जाळीवर पांढरी खर धरते, ती व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवली की सुटते. जाळी परत बसवण्याआधी कॉक किंचित सोडून थोडं पाणी बादलीत वाहू द्या, पाइपातला कचरा निघून जाईल. वॉशर चपटा झाला असेल तर नवा घाला. नट हाताने आवळून मग पान्याने पाव फेरा पुरे, जास्त आवळलात तर पितळी आटा बिघडतो.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि एरवी तीन-चार महिन्यांनी हे करावं. शॉवरची चाळणी आणि नळाच्या टोकाची जाळीही त्याच वेळी काढून धुवा. टाकी वर्षातून दोनदा साफ करा, एकदा आगोटीच्या आधी आणि एकदा दसऱ्याच्या सुमाराला.

विसण बादलीत घाला, नळात नको

गीझर ठीक, दाब ठीक, जाळी स्वच्छ, तरी गरम-गार चाललंच आहे, अशा घरांत दोष वापरण्याच्या पद्धतीत असतो. कोकणात हे जास्त होतं आणि त्याचं कारण आपली हवा आहे.

मिनिटाला सहा लिटरचा गीझर म्हणजे साधारणपणे सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा. तीन लिटरच सोडलं तर तेवढ्याच ज्योतीवर वाढ ५० अंशांची होते. आता आपल्याकडे एप्रिलमध्ये टाकीतलं पाणीच ३० अंशांवर असतं. पूर्ण नळ सोडला तरी ५५ अंशांचं पाणी येणार आणि अंगाला हवं असतं चाळीसच्या आसपास. मग माणूस काय करतो? मिक्सरमध्ये, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळात, थंड पाणी वाढवतो. शॉवरमधून एकूण पाच लिटर येत असेल तर त्यात गीझरमधून जाणारं पाणी दोनच लिटरवर येतं. वेग कमी झाल्याने ते आणखी कढत होतं, म्हणून थंड आणखी वाढवलं जातं, गीझरचं आणखी कमी होतं, आणि एका क्षणी पिन मागे येऊन ज्योत विझते. चटका बसल्यानंतर एकदम गार पाणी, याची ही पूर्ण साखळी आहे. काही वेळा पाणी फार तापल्यामुळे गीझरची अतितापाची सुरक्षाकळ गॅस तोडते, परिणाम तोच.

उपाय उलटा आहे. पाणी कमी करायचं नाही, गॅस कमी करायचा. गॅसची चावी कमीत कमीवर, उन्हाळा-हिवाळा अशी तिसरी चावी असेल तर ती उन्हाळ्यावर (त्याने बर्नरच्या कमी ओळी पेटतात) आणि पाण्याची चावी जास्तीत जास्तवर. गरम नळ पूर्ण सोडा आणि थंड न मिसळता येणारं पाणी हाताला सोसतं का बघा. बहुतेक ऋतूंत ते तसंच अंघोळीला चालतं. थोडं जास्त गरम असेल तर गरम पाण्याने बादली भरा, नळ बंद करा आणि मग विसण घाला. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात तर हीच पद्धत ठेवा, कारण एकदम कढत आलेल्या पाण्याचा चटका त्यांनाच बसतो. दापोलीकडच्या थंडीत चावी हिवाळ्यावर न्यावी लागेल. किनाऱ्यालगत मात्र वर्षभर उन्हाळ्यावर ठेवून भागतं.

पाहुण्यांसाठी खोल्या असतील तर हे चार ओळींत लिहून न्हाणीच्या दाराला लावा. पुण्या-मुंबईचा पाहुणा सवयीने मिक्सर मध्यावर ठेवतो आणि मग पाणी गार म्हणून हाक मारतो.

सेल आणि खारा वारा

गॅस गीझर विजेवर अवलंबून नाही, हा आपल्याकडे त्याचा मोठा गुण. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. असा गीझर सेलवर पेटतो. पण हेच सेल दमट, खाऱ्या हवेत लवकर बिघडतात. ठिणगी पडते पण ज्योत लागत नाही, किंवा लागून दोन-चार सेकंदांत विझते, ही कमजोर सेलांची खूण आहे. गॅसची झडप उघडी धरून ठेवायला लागणारी शक्ती त्यांच्यात उरलेली नसते.

खालचा डबा उघडून सेल काढा आणि पत्र्याच्या पट्ट्या बघा. त्यांच्यावर हिरवी-पांढरी पूड असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून कोरड्या फडक्याने पुसा. दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच जातीचे बदला. एक जुना एक नवा करू नका. शक्यतो अल्कलाइन घ्या. घर बंद करून जाताना सेल काढूनच जा, आत राहिलेले सेल पाझरून पट्ट्या खाऊन टाकतात.

मिक्सरमधला चोर रस्ता

हे फार कमी जणांना ठाऊक असतं. गीझरला जाणाऱ्या थंड पाण्याचा कॉक पूर्ण बंद करा आणि गरम नळ सोडा. काही क्षणांत पाणी थांबायला हवं. वाहतच राहिलं तर थंड पाणी दुसऱ्या वाटेने गरम लाइनमध्ये शिरतं आहे. बहुतेक वेळा हँड शॉवर त्याच्या टोकाच्या बटणाने बंद केलेला असतो आणि मागच्या मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच राहतात, तिथून थंड-गरम लाइन एक होतात. मिक्सरच्या चाव्या बंद करून पुन्हा बघा. तरीही वाहत असेल तर त्या मिक्सरची आतली झडप झिजली आहे, प्लंबरकडून बदलून घ्या.

गॅसची बाजू

इथे फक्त बघायचं, खोलायचं नाही. गीझर चालू असताना शेगडी पेटवा. दोन्ही ज्योती मलूल झाल्या तर सिलिंडर संपत आला आहे किंवा रेग्युलेटर कमी पडतो आहे. नवा सिलिंडर लावल्यावर नळीतली हवा जाईपर्यंत गीझर दोन-चार वेळा पेटायचा राहतो, ते साहजिक आहे. घरगुती रेग्युलेटरच्या जागी हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर कधीही लावू नका. रबरी नळी आयएसआय खुणेची घ्या आणि पाच वर्षांनी बदला. चिरा दिसल्या किंवा उंदराने कुरतडली तर त्याच दिवशी. गळती साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून नाही.

घर महिनोन्‌महिने बंद असेल तर आणखी एक गोष्ट. गीझरच्या वरच्या धुराच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर बांधते आणि बर्नरच्या बारीक छिद्रांत कोळी जाळी विणतात. ज्योत पिवळी पडते किंवा एका बाजूलाच लागते. गणपतीला घर उघडलं की गीझर पेटवण्याआधी वरचं तोंड टॉर्चने बघा आणि दिसेल ती माती काढा. बर्नर मात्र मेकॅनिकनेच उतरवून साफ करावा.

पावसाळ्यात भर वाऱ्यात ज्योत विझत असेल तर जागा बघा. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला तोंड करून टांगलेला गीझर जून-जुलैत त्रास देणारच. वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा उभा करा, पण वरचं आणि समोरचं मोकळं राहू द्या. चारी बाजूंनी पेटी करून झाकलात तर ज्योतीला हवा मिळणार नाही.

मेकॅनिकला काय सांगायचं

बऱ्याच गीझरमध्ये सलग वीसेक मिनिटं चालल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते. एकामागून एक चार जण अंघोळीला गेले की चौथ्याला गार पाणी येतं, ते यामुळे. नळ बंद करून पुन्हा सोडला की काम झालं, त्यासाठी कोणाला बोलवू नका.

बाकी सगळं तपासूनही प्रश्न सुटला नाही तर फोन करताना चार गोष्टी सांगा: बादली भरायला किती वेळ लागतो, ठिणगीचा आवाज येतो का, ज्योत लागून किती सेकंदांनी विझते, आणि गरम नळाबरोबर दुसरा नळ सोडला की फरक पडतो का. पाणी जोरात असून टकटक ऐकूच येत नसेल आणि सेल नवे असतील, तर डायफ्राम फाटलेला किंवा ताठ झालेला असण्याची शक्यता मोठी. हे ऐकलं की तो डायफ्राम, वॉशर आणि छोटा स्विच सोबत घेऊनच निघेल आणि तुमचा दुसरा हेलपाटा वाचेल. तुमच्या गीझरच्या कंपनीचं आणि मॉडेलचं नाव त्याच्यावरच्या पट्टीवर असतं. खाऱ्या हवेने ती पट्टी पुसट होण्याआधी तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा.